कुरकुंभचा ठेका आणि अपघाताची भरपाई

पुणे-सोलापूर महामार्गाला दौंड-बारामती रस्ता जेथे छेदतो, तेथे कुरकुंभची औद्योगिक वसाहत आहे. औषधे व रसायने तयार करणारे कारखाने ही तिची ओळख. या कारखान्यांच्या आधाराने वेल्डर, फॅब्रिकेटर, रंगारी, टाक्या धुणारे, भंगार आणि रिकामे ड्रम उचलणारे व्यापारी यांचा रोजगार चालतो. आमच्या वाचकांपैकी अनेकांचे हेच धंदे आहेत.

ऑगस्ट 2019 मध्ये येथील एका रासायनिक कारखान्याला रात्री मोठी आग लागली आणि आसपासच्या लोकांना घरे सोडावी लागली. मे 2020 मध्ये दुसऱ्या एका कारखान्यात आग भडकली. अशा आगींची बातमी होते. पण ग्राइंडरवर एखाद्या मुलाचा अंगठा गेला, तर त्याची बातमी होत नाही आणि पुष्कळदा दावाही होत नाही. दवाखान्याचा खर्च आणि हातावर थोडी रक्कम, एवढ्यावर प्रकरण मिटवले जाते. या मिटवामिटवीत कामगार बुडतोच. पण ज्याने त्याला कामावर नेले तो ठेकेदारही सुटत नाही. आजच्या लेखाचा विषय हाच आहे.

रिकामा ड्रम रिकामा नसतो

रसायनाचा ड्रम ओतून घेतला तरी आत वाफ उरते. भरलेल्या ड्रमपेक्षा अशा ड्रममध्ये स्फोटाचा धोका अनेकदा जास्त असतो, कारण वाफ आणि हवा यांचे मिश्रण तयार झालेले असते. त्यावर गॅस कटर लावला की एक ठिणगी पुरते. भंगाराच्या व्यापाऱ्यांनी ड्रममध्ये काय होते हे विचारल्याशिवाय आणि तो नीट धुऊन घेतल्याशिवाय कापायला देऊ नये.

बंद टाकीचा धोका दिसतच नाही. आत प्राणवायू कमी असतो किंवा विषारी वायू साचलेला असतो. उतरलेला माणूस कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही जातो. 1948 च्या कारखाने अधिनियमातील 36 आणि 37 या कलमांनी अशा टाकीत उतरण्यासाठी व ज्वालाग्राही वायूजवळ जोडकाम करण्यासाठी कडक अटी घातल्या होत्या. आतील हवेची तपासणी, लेखी परवाना, कमरेला पट्टा व दोर आणि बाहेर एक माणूस, याशिवाय आत पाऊल टाकू नये. "पाच मिनिटांचे काम आहे" असे कोणी म्हटले तरी नाही म्हणावे.

हिशेब कसा होतो?

कामगार भरपाईचा कायदा आपल्या देशात 1923 मध्ये झाला. 21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि भरपाईचा विषय तिच्यात आला. हिशेबाची मूळ पद्धत मात्र तीच राहिली आहे.

कामावर मृत्यू झाला तर मासिक पगाराच्या निम्म्या रकमेला वयानुसार ठरलेल्या आकड्याने गुणतात. कायमचे पूर्ण अपंगत्व आले तर पगाराच्या 60 टक्के रक्कम धरतात. एक अवयव गेला तर त्या पूर्ण रकमेचा ठराविक हिस्सा मिळतो. अंगठ्यासाठी 30 टक्के, दुसरा डोळा चांगला असताना एक डोळा गेल्यास 40 टक्के.

उदाहरण घेऊ. कामगाराचे वय 30, पगार 12,000 रुपये. या वयाचा आकडा 207.98 आहे. मृत्यूची भरपाई 12,47,880 रुपये होते. पूर्ण अपंगत्वाची 14,97,456 रुपये. अंगठा गेला तर त्याच्या 30 टक्के, म्हणजे सुमारे 4,49,000 रुपये. आता दहा-वीस हजारांत मिटवलेली प्रकरणे वाचकांनी स्वतः आठवून पाहावीत.

जेथे राज्य विमा योजना, म्हणजे ईएसआय लागू आहे, तेथे नोंदलेल्या कामगाराला ही भरपाई मालकाकडून नव्हे, तर योजनेतून मिळते. म्हणून पहिला प्रश्न हाच, की नाव नोंदले आहे काय?

देणार कोण?

चार मुले घेऊन काम करणारा वेल्डर स्वतःला कारागीर समजतो. कायद्याच्या दृष्टीने तो त्या मुलांचा मालक आहे. कारखान्याच्या नेहमीच्या धंद्याचा भाग असलेले काम ठेक्याने दिलेले असेल, तर कामगार थेट कारखान्याकडेही भरपाई मागू शकतो. पण कारखाना ती रक्कम पुढे ठेकेदाराकडून वसूल करू शकतो. दुकान विकूनही भागणार नाही, अशी वेळ त्याच्यावर येते. यावर उपाय म्हणजे विमा. सर्वसाधारण विमा कंपन्या कामगार भरपाईची पॉलिसी देतात. तिचा हप्ता कामाच्या दरात धरूनच ठेका बोलावा.

मृत्यूची भरपाई घरच्यांच्या हातात परस्पर देता येत नाही. ती सक्षम अधिकाऱ्याकडे जमा करावी लागते. परस्पर दिलेली रक्कम हिशेबात धरली जात नाही, आणि "आमची काही तक्रार नाही" असे लिहून घेतलेल्या कागदाने वारसांचा हक्क संपत नाही. भरपाई थकवली तर 12 टक्के व्याज आणि वर दंड बसू शकतो.

एवढे तरी करावे

हजेरी आणि पगार लेखी ठेवावा. शक्यतो पगार बँकेतून द्यावा. कामगारानेही गेटपास व हजेरी कार्डाची प्रत घरी ठेवावी. अपघात होताच मालकाला लेखी कळवावे. दवाखान्यात नाव घालताना "घरी पडलो" असे कोणाच्या सांगण्यावरून लिहू देऊ नये. पहिला केसपेपरच पुढे पुरावा होतो. 1923 च्या कायद्यात दाव्याची मुदत दोन वर्षे होती, तेव्हा आज-उद्या करत बसू नये.

आपल्याकडे मुले ओळखीने कामाला लागतात. कोणी भाचा असतो, कोणी शेजाऱ्याचा मुलगा. नाते आहे म्हणून कागद केला जात नाही, आणि अपघातानंतर ना नाते उरते, ना भरपाई मिळते. ठेका घेणाऱ्या बंधूंनी पुढच्या कामाला निघण्यापूर्वी दोन गोष्टी तपासाव्यात : बरोबर नेलेल्या प्रत्येक मुलाचे नाव हजेरीत आहे काय, आणि त्याचा विमा आहे काय.