नोकरी, कारकीर्द आणि वसा

दर ५ सप्टेंबरला शाळाशाळांतून एक वाक्य हमखास ऐकू येते : 'शिक्षकी पेशा ही नोकरी नव्हे, ते एक व्रत आहे.' टाळ्या पडतात आणि दुसऱ्या दिवसापासून हजेरीपट, तपासायच्या वह्या आणि खिचडीचा हिशेब पुन्हा सुरू होतो. काही जणांना आपले काम खरोखरच व्रतासारखे वाटते, हे तर आपण पाहतोच. पण ते तसे का वाटू लागते? स्वभावामुळे, कामाच्या प्रकारामुळे, की आणखी कशामुळे? या प्रश्नाचा गेल्या काही दशकांत पद्धतशीर अभ्यास झाला आहे.

रॉबर्ट बेला आणि त्यांचे सहकारी या समाजशास्त्रज्ञांनी १९८५ साली कामाकडे पाहण्याच्या तीन दृष्टी वेगळ्या करून मांडल्या. पहिली नोकरीची : काम पगारासाठी, खरे आयुष्य घरी. दुसरी कारकिर्दीची : बढती, मान, पुढची पायरी. तिसऱ्या दृष्टीला इंग्रजीत 'कॉलिंग' म्हणतात. आपण तिला 'वसा' म्हणू. यात काम स्वतःच मोलाचे वाटते आणि ते आपल्या ओळखीचा भाग बनते. तिन्ही दृष्टी एकाच माणसात कमीअधिक प्रमाणात असू शकतात.

काम तेच, दृष्टी वेगळी

१९९७ मध्ये एमी रेझनेस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील १९६ कर्मचाऱ्यांना तीन काल्पनिक व्यक्तींची वर्णने वाचायला दिली आणि 'तुम्ही यांपैकी कोणासारखे?' असे विचारले. तिन्ही प्रकारची उत्तरे मोठ्या संख्येने आली. यातली २४ माणसे एकाच प्रकारचे कार्यालयीन साहाय्यकाचे काम करीत होती. त्यांच्यातही तिन्ही गट जवळजवळ सारखेच निघाले. म्हणजे डॉक्टरकीत वसा असतो आणि कारकुनीत नसतो, असे म्हणता येत नाही.

काम वसा मानणारी माणसे अधिक समाधानी होती आणि कामावर कमी गैरहजर राहत होती. मात्र येथे विज्ञानाच्या विद्यार्थ्याने थांबून विचार करावा. वसा मानल्याने समाधान येते, की मुळात समाधानी असलेला माणूस कामाला वसा म्हणतो? एका वेळच्या पाहणीतून हे ठरत नाही. दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणून एक कारण आणि दुसरी परिणाम ठरत नाही.

फरक कशाने पडतो?

याच रेझनेस्की आणि जेन डटन यांनी रुग्णालयातील सफाई कामगारांच्या मुलाखतींचा अभ्यास करून २००१ मध्ये एक मांडणी केली. काही कामगार नेमून दिलेली फरशी पुसत, कचरा उचलत आणि आपले काम कमी कौशल्याचे आहे असे सांगत. त्याच रुग्णालयातले दुसरे काही जण रुग्णांशी आणि नातेवाइकांशी बोलत, परिचारिकांच्या कामाची वेळ पाहून आपले काम आखत. ते स्वतःला रुग्ण बरा करणाऱ्या चमूचा भाग मानत. नेमणुकीच्या कागदावर दोघांचे काम एकच होते. पण दुसऱ्या गटाने आपल्या कामाची हद्द स्वतःच थोडी सरकवली होती.

कार्यकारणाचा प्रश्न सोडवायला प्रयोग लागतो. असा एक प्रयोग अॅडम ग्रँट आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केला. एका विद्यापीठासाठी दूरध्वनीवरून देणग्या गोळा करणाऱ्यांचे त्यांनी गट पाडले. एका गटाला त्या देणग्यांतून शिष्यवृत्ती मिळालेल्या विद्यार्थ्याची काही मिनिटे भेट घडवली. दुसऱ्या गटाला फक्त अशा विद्यार्थ्याचे पत्र वाचायला दिले. तिसऱ्या गटाला काहीच दिले नाही. महिन्यानंतर पहिल्या गटाचा दूरध्वनीवरील वेळ १४२ टक्क्यांनी आणि जमवलेली रक्कम १७१ टक्क्यांनी वाढलेली दिसली. इतर दोन गटांत लक्षणीय फरक नव्हता. गट लहान होते, तेव्हा आकडे जपून घ्यावेत. पण दिशा स्पष्ट आहे : आपले काम कोणापर्यंत पोहोचते ते माणूस समोर दिसले की कामाचा अर्थ बदलतो.

शोशाना डॉब्रो यांनी संगीत शिकणाऱ्या ४५० शालेय विद्यार्थ्यांचा ७ वर्षे मागोवा घेतला आणि २०१३ मध्ये निष्कर्ष मांडले. संगीताची ओढ किती तीव्र आहे, याचा संबंध अंगच्या कसबाशी आढळला नाही. जी मुले संगीतात अधिक वेळ गुंतलेली होती आणि संगीताच्या मंडळींत ज्यांना मोकळे वाटत होते, त्यांच्यात सुरुवातीला ओढ अधिक होती. शिवाय ही ओढ कायम सारखी राहत नाही, काळाप्रमाणे बदलते. 'आपला जन्म कशासाठी झाला' हे शोधत बसण्यापेक्षा कामात उतरणे आणि सोबती मिळणे अधिक मोलाचे, असा बोध यातून घेता येईल. आपला शब्द इथे चपखल आहे. हाक बाहेरून ऐकू येते. वसा मात्र आपण घेतो आणि पाळतो.

वशाची किंमत

आता दुसरी बाजू. बंडरसन आणि थॉम्पसन यांनी २००९ मध्ये अमेरिका व कॅनडातील १५७ प्राणिसंग्रहालयांतील ९८२ प्राणिरक्षकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांना हे काम वसा वाटत होते, त्यांना त्यात खूप अर्थ सापडत होता. मात्र तेच लोक पगार, वेळ आणि आराम यांवर पाणी सोडायला अधिक तयार होते. व्यवस्थापन आपल्या या भावनेचा फायदा घेईल, अशी शंकाही त्यांना अधिक वाटत होती. ही शंका निराधार नाही. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या काही प्रयोगांत असे दिसले की, कामावर मनापासून प्रेम असणाऱ्याला विनावेतन जादा काम सांगणे लोकांना अधिक रास्त वाटते. विनाअनुदानित शाळांत वर्षानुवर्षे शिकवणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. 'व्रत' हा शब्द पगाराच्या जागी वापरला जाऊ लागला, की तो कौतुकाचा राहत नाही. वसा माणसाने स्वतः घ्यायचा असतो. तो दुसऱ्याने लादायचा नसतो.

वर्गात करून पाहा

आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांना परिसरातील ५-६ काम करणाऱ्या व्यक्तींशी बोलायला सांगा : पोस्टमन, गवंडी, परिचारिका, कंडक्टर, शाळेचे शिपाईमामा. तीन प्रश्न पुरेत. तुमच्या कामाचा उपयोग कोणाला होतो? नेमून दिलेले नसतानाही तुम्ही काय करता? पुरेसे पैसे असते तर हेच काम केले असते का? उत्तरे फळ्यावर मांडा आणि एकाच कामातील दोघांची उत्तरे वेगळी का, यावर चर्चा करा. तेच प्रश्न विद्यार्थ्यांना एकदा आपल्यालाही विचारू द्या.