आकाशांतील घाट

सातारा जिल्ह्यांतील खंडाळ्याजवळचा खंबाटकीचा घाट आमच्या बहुतेक वाचकांनीं पाहिला असेल. पावसाळ्यांत तेथें धुकें दाटलें म्हणजे शहाणा चालक गाडी कडेला घेतो आणि वाट दिसूं लागेपर्यंत थांबतो. विमानाला मात्र जागच्या जागीं उभें राहण्याची सोय नाहीं. पूर्वेकडून मुंबईस येणाऱ्या विमानाला ह्याच सह्याद्रीच्या रांगा ओलांडून, जवळजवळ समुद्रसपाटीवर असलेल्या विमानतळावर उतरावयाचें असतें. तेंही पुष्कळदां काळोखांत व ढगांतून. आकाशांतील हा घाट कसा उतरतात, तें समजून घेण्यासारखें आहे.

प्रथम एक दुःखद हकीकत सांगणें प्राप्त आहे. ता. ७ जुलै १९६२ रोजीं, मध्यरात्र उलटून थोडाच वेळ झाला असतां, आलितालिया ह्या इटालियन कंपनीचें बँकॉकहून मुंबईस येणारें विमान, खंबाटकीच्या पुष्कळ उत्तरेस, जुन्नरच्या परिसरांतील एका डोंगरावर आदळलें. आंतील ९४ जणांपैकीं एकही वांचला नाहीं. मुंबई अद्याप ८० किलोमीटरांहून दूर होती. चौकशींत निष्पन्न झालें तें असें: मार्गाचा हिशेब चुकल्यामुळें आपण मुंबईच्या जवळ आलों, अशी वैमानिकाची समजूत झाली व तो वेळेपूर्वींच खालीं उतरूं लागला. आपली नेमकी जागा ताडून पाहण्याचीं साधनें हाताशीं असतां तीं वापरलीं गेलीं नाहींत, आणि ठरवून दिलेली किमान सुरक्षित उंचीही पाळली गेली नाहीं.

विमानांतील उंचीमापक यंत्र हवेच्या दाबावरून उंची सांगतें. हा दाब सारखा बदलत असतो. म्हणून नियंत्रक त्या वेळचा दाब कळवितो व वैमानिक त्याप्रमाणें यंत्र जुळवून घेतो. एका हेक्टोपास्कलची चूक झाली, तर उंचींत सुमारें ३० फुटांचा फरक पडतो. पण यंत्र बिनचूक असलें, तरी तें समुद्रसपाटीपासूनची उंची सांगतें. खालीं शेत आहे कीं शिखर, हें सांगत नाहीं. ४,००० फुटांची उंची मुंबईच्या किनाऱ्यावर निर्धास्तपणाची. पण कळसूबाईचें शिखर सुमारें ५,४०० फूट आहे!

ह्यासाठीं विमानतळाभोंवतींच्या प्रदेशाचे विभाग पाडून प्रत्येकाला किमान उंची ठरवून दिलेली असते: तेथील सर्वांत उंच अडथळ्याच्या वर निदान १,००० फूट, आणि डोंगराळ मुलखांत त्याहूनही अधिक. रडारच्या पडद्यावर विमानाची जागा पाहून नियंत्रक उंचीची आज्ञा देतो. वैमानिकानें नुसतें 'होय' म्हणून भागत नाहीं. आंकडा जसाच्या तसा परत उच्चारावा लागतो. नियंत्रकानें तो कान देऊन ऐकावयाचा व चूक आढळल्यास तत्काळ सुधारावयाची. शेजारचा दुसरा वैमानिकही तोच आंकडा पडताळून पाहतो. १९७० नंतरच्या दशकांत, भूमि जवळ येतांच बोलून इशारा देणारें यंत्र विमानांत आलें. १९९० नंतरच्या दशकांत त्यास डोंगरदऱ्यांच्या नकाशाची जोड मिळाली. ढगांत असा इशारा ऐकूं आला कीं वाद न घालतां विमान वर न्यावें, असा दंडक आहे.

आमच्या एकत्र कुटुंबांत वडीलधाऱ्यांनीं सांगावें आणि धाकट्यांनीं मान डोलवावी, अशी रीत. आजारी माणसास औषधाचे थेंब दोन द्यावयाचे कीं दहा, हें धाकट्यानें पुन्हा उच्चारून विचारलें, तर त्यास उद्धटपणा म्हणूं नये. वरिष्ठाची चूक ध्यानांत येतांच ती स्पष्ट बोलून दाखविणें, हें कनिष्ठ वैमानिकाचें कर्तव्य म्हणून आतां मुद्दाम शिकविलें जातें. परदेशाहून येणाऱ्या मुलाची वाट पाहत आपण विमानतळावर उभे असतों, तेव्हां वर ढगांत आणि खालीं रडारपुढें कांहीं माणसें एकच आंकडा एकमेकांकडून पुन्हा म्हणवून घेत असतात.