एनीडेस्कवर फाईल पाठवताना : ती नेमकी कुठे सेव्ह झाली?



हट्टा (ता. वसमत, जि. हिंगोली) सारख्या गावात यू-डायस प्लसची माहिती भरताना कॉम्प्युटर अडला, की वसमत किंवा हिंगोलीचे एखादे जाणकार सर एनीडेस्कवरून काम करून देतात. तेवढ्यासाठी एसटीची खेप वाचते. पण नंतर एक वाक्य हमखास ऐकू येतं, "फाईल डेस्कटॉपवर ठेवली होती, आता सापडत नाही!"

असं का होतं?
आपल्याला दिसतं ते दूरच्या कॉम्प्युटरच्या पडद्याचं फक्त चित्र. आपला माऊस तिकडे चालतो, चित्र इकडे येतं. फाईल मात्र जिथल्या तिथेच राहते. म्हणून त्या खिडकीत सेव्ह केलेली फाईल तिकडच्या डेस्कटॉपवर जाते. इकडे लावलेला पेनड्राइव्हही तिकडे आपोआप दिसत नाही.

फाईल आणायची कशी?
१) कॉपी-पेस्ट : दूरच्या कॉम्प्युटरवर फाईल निवडून कंट्रोल-सी करा, मग आपल्या डेस्कटॉपवर येऊन कंट्रोल-व्ही. एक-दोन लहान फाईलींसाठी हे पुरे.
२) फाईल ट्रान्सफर : एनीडेस्कमध्ये हा वेगळा पर्याय आहे. एका बाजूला आपले फोल्डर, दुसऱ्या बाजूला समोरचे. पाठवायचं असेल तर अपलोड, घ्यायचं असेल तर डाउनलोड.
३) विंडोजचं रिमोट डेस्कटॉप : जोडण्याआधी 'लोकल रिसोर्सेस'मध्ये जाऊन आपला ड्राइव्ह निवडा. तो तिकडच्या 'धिस पीसी'मध्ये दिसू लागतो.

फाईली भरपूर असतील तर आधी झिप करा. नेट मध्येच तुटलं तर फाईल अर्धवट येऊ शकते, म्हणून उघडून बघा आणि दोन्हीकडचा आकार जुळतो का ते पाहा. मगच मूळ फाईल काढून टाका.

सगळ्यात महत्त्वाचं
शाळेच्या कॉम्प्युटरवर लेकरांची नावं, जन्मतारखा, आधार क्रमांक असतात. ज्या वाटेनं आपली एक फाईल येते, त्याच वाटेनं बाकीच्या फाईली जाऊ शकतात. जोडणी स्वीकारताना एनीडेस्क परवानग्या दाखवतं : माऊस-कीबोर्ड, क्लिपबोर्ड, फाईल वगैरे. फाईल द्यायची नसेल तर ती परवानगी बंद ठेवा. काम होईपर्यंत पडद्यासमोरून उठू नका आणि संपलं की जोडणी स्वतः तोडा.

पालकांनो, बँकेच्या नावानं फोन करून कुणी "एनीडेस्क घ्या, नंबर सांगा" म्हणालं, तर सरळ फोन ठेवा. अशा फसवणुकीबद्दल रिझर्व्ह बँकेनं फेब्रुवारी २०१९ मध्येच सावध केलं होतं. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० वर फोन करा.

थोडक्यात काय, तर नंबर ओळखीच्याच माणसाला द्यायचा, आणि सेव्ह करण्याआधी स्वतःला विचारायचं, हा डेस्कटॉप कुणाचा?