हस्तांदोलनाच्या अलीकडची आणि पलीकडची फाइल

दोन पंतप्रधान शेजारी उभे राहतात, मागे दोन झेंडे, आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात ‘इतक्या लाख कोटींचे सहकार्य’ असा मथळा येतो. वाचणाऱ्याला वाटते, बंद दाराआड दोघांनी घासाघीस करून आकडा ठरवला असणार. व्याजदराची घासाघीस मात्र त्या खोलीत जवळजवळ होतच नाही. मग ती होते कुठे? मुंबई–अहमदाबाद बुलेट ट्रेनसाठी जपानने दिलेल्या कर्जाचा प्रवास पाहिला की हे नीट कळते. शिवाय त्या मार्गावरची मुंबई, ठाणे, विरार आणि बोईसर ही चार स्थानके आपलीच आहेत.

या कर्जाची तारीख म्हणून 12 डिसेंबर 2015 सांगितली जाते. त्या दिवशी दिल्लीत नरेंद्र मोदी आणि जपानचे तेव्हाचे पंतप्रधान शिंझो आबे यांच्या भेटीत सामंजस्य करार झाला. पण फाइल उघडली होती त्याआधी, मे 2013 मध्ये. तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग टोकियोला गेले असताना दोन्ही देशांनी मिळून व्यवहार्यता अभ्यास करायचे ठरले. त्याचा अहवाल 2015 च्या जुलैत आला. म्हणजे नेते टेबलाशी बसले तेव्हा मार्ग, लांबी, खर्चाचा अंदाज हे सगळे कागदावर होते. सरकार बदलले, फाइल बदलली नाही. अशा कामांत हे पुष्कळदा घडते आणि श्रेय मात्र फोटोत असलेल्याला मिळते.

एरवी वाट अशी असते. केंद्राचे एखादे मंत्रालय किंवा राज्य सरकार प्रस्ताव तयार करते. तो अर्थ मंत्रालयाच्या आर्थिक व्यवहार विभागाकडे जातो. परदेशी कर्ज राज्याला थेट घेता येत नाही, ते केंद्रामार्फतच येते. हा विभाग प्रस्ताव चाळतो आणि पसंत पडलेले जपानकडे पाठवतो. मग ‘जायका’ या जपानी संस्थेची माणसे येऊन प्रकल्पाची छाननी करतात: जमीन, पर्यावरण, विस्थापित, परतफेडीची ताकद. टोकियोत मंत्रिमंडळाची मोहोर उमटते ती यानंतर.

मग नेत्यांसाठी उरते काय? दोन गोष्टी. पहिली म्हणजे मुदत. अमुक तारखेला पंतप्रधान येणार हे ठरले की वर्षभर रेंगाळलेले शेरे आठवड्यात निघतात. कराराच्या मसुद्यातल्या ज्या शब्दांवर एकमत नाही ते कंसात असतात आणि भेट जवळ आली की एकेक कंस उडत जातो. दुसरी गोष्ट अधिकाऱ्याच्या हातात नसते, ती म्हणजे नेहमीची चौकट मोडायचे धाडस. मुंबई मेट्रो-3 ला 2013 मध्ये जपानने पहिले कर्ज दिले ते 1.4 टक्के व्याजाने, 30 वर्षांसाठी. बुलेट ट्रेनला दिले 0.1 टक्क्याने, 50 वर्षांसाठी, पहिली 15 वर्षे मुद्दल न मागता, आणि तेही तेव्हा अंदाजलेल्या सुमारे 1.08 लाख कोटी रुपयांच्या खर्चाच्या 81 टक्के. एवढी सूट कोणताही सचिव स्वतःच्या सहीने देऊ शकत नाही. आबेंनी ती का दिली असावी? दिल्लीच्या भेटीच्या काही आठवडे आधीच इंडोनेशियाने जकार्ता–बांडुंग रेल्वेचे काम जपानला डावलून चीनला दिले होते. माझ्या मते भारताच्या पदरात पडलेल्या सवलतीत त्या पराभवाचा वाटा मोठा आहे.

या सुमारे 88,000 कोटी रुपयांच्या कर्जावर 0.1 टक्का म्हणजे वर्षाला 88 कोटी व्याज. ऐकायला फुकटच वाटते. पण कर्ज येनमध्ये आहे. येन महागला तर तेवढ्याच येनसाठी जास्त रुपये मोजावे लागतात, स्वस्त झाला तर फायदा होतो. शिवाय जपानी तंत्रज्ञान, जपानी गाड्या हे त्याच सौद्यात येते. तेव्हा याला ‘मदत’ म्हणताना जरा जपूनच. ही सवलतीतली उधारी आहे आणि देणाऱ्याच्या कारखान्यांनाही तिच्यातून काम मिळते.

भेटीनंतर पैसा लगेच येत नाही. आधी दोन सरकारांमध्ये पत्रांची देवाणघेवाण होते, मग जायका आणि भारत सरकार यांच्यात कर्जकरार, आणि तोही सगळ्या रकमेचा एकदम नाही. बुलेट ट्रेनच्या बांधकामाचा पहिला करार 2018 मध्ये झाला, सुमारे 89 अब्ज येनचा. चौथा मार्च 2023 मध्ये, 300 अब्जांचा. काम पुढे सरकेल तशी रक्कम उचलली जाते.

आणि खरे घोडे पेंड खाते ते जमिनीवर. भूमिपूजन सप्टेंबर 2017 मध्ये झाले, तेही अहमदाबादला. पालघरमधल्या गावांचा विरोध, आदिवासींच्या जमिनी, खारफुटी तोडायला मुंबई उच्च न्यायालयाची डिसेंबर 2022 मध्ये मिळालेली परवानगी, यातून वाट काढत संपूर्ण मार्गाची जमीन ताब्यात आल्याचे जाहीर व्हायला जानेवारी 2024 उजाडले. यातला एकही तिढा शिखर बैठकीत सुटणारा नव्हता.

मथळ्यातल्या आकड्याचेही असेच. 2014 मध्ये टोकियोत 3.5 लाख कोटी येन जाहीर झाले, 2022 मध्ये दिल्लीत जपानचे तेव्हाचे पंतप्रधान फुमिओ किशिदांनी 5 लाख कोटी. ही पाच-पाच वर्षांची उद्दिष्टे होती आणि त्यांत जपानी खासगी कंपन्यांची गुंतवणूकही धरलेली होती. 2025 च्या ऑगस्टमध्ये आलेला 10 लाख कोटी येनचा आकडा तर दहा वर्षांतल्या खासगी गुंतवणुकीचाच. कंपन्या पंतप्रधानांच्या हुकमाने कारखाने काढत नाहीत. म्हणून बातमी वाचताना रक्कम कर्ज आहे की अनुदान की नुसते उद्दिष्ट, एवढे आधी शोधावे.

ही वाट जुनी आहे: जपानने परदेशाला दिलेले पहिले येन-कर्ज भारतालाच होते, 1958 मध्ये. आदल्या वर्षी जपानचे तेव्हाचे पंतप्रधान नोबुसुके किशी दिल्लीला आणि नेहरू टोकियोला जाऊन आले होते. किशी हे आबेंचे आजोबा, आईकडून. आताच्या उधारीचा पल्लाही लांब आहे: बुलेट ट्रेनच्या 2018 च्या कर्जाचे मुद्दल फेडायला 2033 च्या सुमारास सुरुवात होईल आणि ते 2068 च्या आसपास फिटेल. 2023 च्या कर्जाला आणखी पाच वर्षे.