डिजिटल जुळं पदक जिंकून देतं का?

‘डिजिटल ट्विन’ म्हटलं की बहुतेकांना व्हिडिओ गेममधला खेळाडू आठवतो. मुळात हे जुळं चेहऱ्यामोहऱ्याचं नसतंच. खेळाडूच्या शरीराच्या आणि हालचालींच्या मोजमापांवरून बांधलेलं, नव्या नोंदी येतील तसं सुधारत जाणारं ते गणिती प्रारूप असतं.

अमेरिकेची जलतरणपटू केट डग्लस हिचंच पाहा. रामानुजनांच्या गणितावर वर्षानुवर्षं काम करणारे केन ओनो व्हर्जिनिया विद्यापीठात तिच्या संघासोबत होते. पोहणाऱ्याच्या अंगावरचा सेन्सर सेकंदाला शेकडो वेळा प्रवेग टिपतो. वस्तुमान ठाऊक असलं, की न्यूटनच्या नियमाने बल काढता येतं. हात नेमका कधी पुढे ढकलतो आणि पाणी कधी मागे खेचतं, हे त्यातून कळतं. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये सुरुवातीच्या उडीनंतर आणि दर वळणावर भिंतीला रेटा दिल्यावर पाण्याखाली हातांचा एक मोठा ओढा घेतात. तिथे डग्लसच्या डोक्याच्या ठेवणीमुळे पाण्याचा रोध वाढत होता. नुकसान दर खेपेला सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास. पण 200 मीटरमध्ये असा ओढा चारदा येतो. पॅरिसमध्ये 2024 साली या शर्यतीत तिने सुवर्ण जिंकलं ते 0.36 सेकंदांनी.

म्हणून पदक संगणकाने दिलं, असं मात्र नव्हे. डोकं किती खाली ठेवायचं हे प्रारूप सांगेल. ती सवय अंगी मुरवायला पहाटेचा सराव आणि तिच्या विद्यापीठ संघाचे प्रशिक्षक टॉड डीसॉर्बो यांच्यासारखा कोचच लागतो. कोणती चूक आधी हाती घ्यायची आणि कोणती हंगाम संपेपर्यंत तशीच राहू द्यायची, हा निर्णयही त्याचाच.

विजेत्याचं प्रारूप दुसऱ्याला लावता येतं, हाही भ्रमच. उंची, हातांची लांबी, सांध्यांची लवचिकता बदलली की हिशेब बदलतो. दुखापतीचं भाकीत तर त्याहून अवघड, कारण झोप आणि मनावरचा ताण सेन्सरमध्ये पुरते उतरत नाहीत.

मला खरी काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. मुंबईत मुख्यालय असलेल्या टीसीएसने मॅरेथॉनपटू डेस लिंडनच्या हृदयाचं डिजिटल जुळं तयार केलं. म्हणजे आता खेळाडूचं हृदयही माहितीच्या रूपात साठवता येतं. उद्या संघनिवडीच्या टेबलावर ते कोणी उघडायचं, आणि खेळाडूने संघ सोडल्यावर ते कोणाकडे राहायचं, हे पहिला सेन्सर लावण्याआधीच करारात लिहिलेलं असायला हवं.