फॅशनची जुनी चित्रं: गैरसमज आणि वस्तुस्थिती

एकोणिसाव्या शतकातली फॅशनची चित्रं पाहिली की 'तेव्हा बायका असे कपडे घालत' असं सर्रास म्हटलं जातं. सगळ्यांत मोठा गैरसमज हाच. अंगावरच्या कपड्यांची नोंद करण्यासाठी ही चित्रं काढलेली नव्हती. येत्या मोसमात काय शिवून घ्यावं, कुठून घ्यावं, हे त्यांतून सांगितलं जाई. पॅरिसच्या कितीतरी चित्रांखाली कपडे शिवणाऱ्यांची, टोप्या विकणाऱ्यांची नावं छापलेली दिसतात. लंडनमध्ये रुडॉल्फ आकरमान यांनी 1809 साली सुरू केलेल्या मासिकात तर कापडाचे खरेखुरे तुकडे चिकटवलेले असत. चित्र पाहा, पोत बोटांनी चाचपा आणि दुकान गाठा! खरेदीची हौस विसाव्या शतकात जन्मली, हे म्हणूनच पटत नाही.

दुसरा समज असा, की चित्रांतले रंग छापील आहेत. शतकाचा बराच काळ छापली जाई ती फक्त रेषा, धातूच्या पत्र्यावर कोरलेली. रंग भरले जात हातानं, एकेका प्रतीत. फिलाडेल्फियाच्या 'गोडीज लेडीज बुक'साठी हे काम सुमारे 150 स्त्रिया करत. 1860च्या सुमारास या मासिकाचा खप दीड लाखांच्या घरात होता. त्या हातांवर किती भार असेल! त्यामुळेच एका प्रतीत निळा असलेला झगा दुसरीत गुलाबी सापडतो. एकच प्रत पाहून 'त्या वर्षी निळ्याची चलती होती' असं ठरवणं चूक आहे.

रंगवणाऱ्या स्त्रियांची नावं आज मिळत नाहीत. चित्रं काढणाऱ्यांतही स्त्रिया होत्या, हे मात्र नावानिशी सांगता येतं. चित्रकार अलेक्झांद्र कोलँ यांच्या मुली एलोईझ, अनाईस आणि लोर यांनी पॅरिसच्या मासिकांसाठी वर्षानुवर्षं चित्रं काढली. त्यांना नुसत्या कारागीर म्हणणं अन्यायाचं आहे.

ही सगळी श्रीमंतांची चैन होती, हेही खरं नाही. लंडनमध्ये सॅम्युएल बीटन यांनी 1852 साली मध्यमवर्गीय गृहिणींसाठी काढलेलं मासिक सुरुवातीला दोन पेन्सला मिळे. 1860 पासून त्यात पॅरिसची रंगीत चित्रं येऊ लागली. कपडा बेतायला कागदी नमुनेही मिळत, म्हणजे चित्रातला झगा घरीच शिवता येई.

असं चित्र संग्रहालयात दिसलं, तर झग्याआधी खालची बारीक अक्षरं वाचा. माल कोणाचा खपवायचा होता, ते बहुधा तिथेच कळेल.