गगनचुंबी इमारतींतील वीजवितरण

राष्ट्रीय बांधकाम संहिता, 2016 अनुसार 15 मीटर वा त्याहून अधिक उंचीची इमारत ही उंच इमारत गणली जाते. मुंबईच्या लोअर परळ परिसरात मात्र आता 200 मीटरहून अधिक उंचीचे मनोरे उभे आहेत. चार-पाच मजली इमारतीला रस्त्यावरील रोहित्रातून आलेली 415 व्होल्टची लघुदाब केबल पुरते. मनोऱ्याला ती का पुरत नाही, हे एका साध्या हिशेबावरून ध्यानात येते.

समजा, इमारतीच्या वरच्या भागातील वीजभार 1,000 किलोव्होल्ट-अँपिअर आहे. तो 415 व्होल्ट दाबाने वर न्यायचा झाल्यास केबलमधून सुमारे 1,390 अँपिअर प्रवाह वाहील. 11 किलोव्होल्ट दाबाने नेल्यास केवळ 52 ते 53 अँपिअर पुरतील. संवाहकातील उष्णतारूपी हानी प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणजे प्रवाह सुमारे 26 पट, तर त्याच संवाहकातील हानी जवळजवळ 700 पट! प्रत्यक्षात अशा वेळी जाड संवाहक वापरून हानी कमी केली जाते. पण मग तांब्याचा खर्च, वजन आणि जागा वाढते. शिवाय अंतराबरोबर दाब घटत जातो, तो वेगळाच.

म्हणूनच अतिउंच इमारतीत उच्चदाब वीज वरपर्यंत नेली जाते आणि रोहित्रे तळघराप्रमाणेच मधल्या यांत्रिक मजल्यांवरही बसवली जातात. दुबईतील 828 मीटर उंचीच्या बुर्ज खलिफा या इमारतीत (2010) विद्युत उपकेंद्रे, पाण्याच्या टाक्या व पंप यांच्यासाठी ठराविक अंतराने दुमजली उंचीचे यांत्रिक मजले राखलेले आहेत. तेथील कमाल वीजमागणी सुमारे 36 मेगावॅट सांगितली जाते. एखाद्या लहान शहराला पुरावी इतकी. इमारतीच्या आत तेलाऐवजी शुष्क प्रकारची रोहित्रे वापरतात, कारण तेल पेट घेते. रोहित्रापासून पुढे प्रत्येक मजल्यापर्यंत बसबार, म्हणजे धातूच्या आवरणात बसवलेल्या तांब्याच्या वा ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, उभ्या मार्गातून जातात. त्यांवरून प्रत्येक मजल्यावर जोड घेऊन वितरणपेटीला वीज दिली जाते. उष्णतेने पट्ट्या प्रसरण पावतात, वाऱ्याने इमारतही किंचित डोलते. त्यासाठी मध्ये लवचिक जोड ठेवावे लागतात.

पुरवठा खंडित झाल्यास काय, हा प्रश्न उंचीबरोबर गंभीर होत जातो. 12 ऑक्टोबर 2020 रोजी मुंबई महानगरात वीज गेली, तेव्हा रेल्वेही थांबली होती. उंच इमारतीत अशा वेळी लिफ्टबरोबर पाणी चढवणारे पंपही थांबतात. डिझेल जनित्र सुरू होऊन भार उचलेपर्यंत काही सेकंद जातात. तेवढ्यापुरती बॅटरी कामी येते. जनित्रावर अग्निशामक लिफ्ट, अग्निशमन पंप, जिन्यात धूर शिरू न देणारे पंखे आणि आपत्कालीन दिवे यांचा पहिला हक्क असतो.

तथापि जनित्र असणे पुरेसे नाही. त्याची वीज कोणत्या मार्गाने वर जाते, हेही पाहावे लागते. 23 फेब्रुवारी 1991 रोजी अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे ‘वन मेरिडियन प्लाझा’ या 38 मजली इमारतीत 22 व्या मजल्यावर आग लागली. मुख्य आणि दुय्यम अशा दोन्ही वाहिन्या एकाच कोठडीतून गेलेल्या होत्या. आगीने दोन्ही एकदमच निकामी केल्या. दिवे गेले, लिफ्ट थांबल्या आणि जवानांना अंधारात साहित्य वाहून जिने चढावे लागले. आग सुमारे 19 तास धुमसत राहिली. 3 अग्निशमन जवान मृत्युमुखी पडले. 30 व्या मजल्यावरील स्वयंचलित तुषार यंत्रणेने अखेर तिला रोखले. वाहिन्या दोन होत्या, पण त्यांची वाट वेगळी नव्हती.

भारतात विद्युत अधिनियम, 2003 अंतर्गत केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने केलेल्या सुरक्षाविषयक विनियमांत (2010, सुधारित 2023) 15 मीटरहून उंच इमारतींचा स्वतंत्र विचार आहे. 2010 च्या विनियमांनी वीजकेबलच्या उभ्या मार्गातून अन्य कोणतीही वाहिनी नेण्यास मनाई केली, प्रत्येक मजल्याच्या छेदाशी अग्निरोधक अडथळा आवश्यक ठरवला आणि पुरवठ्यासाठी अर्ज करण्यापूर्वी विद्युत निरीक्षकास किमान 30 दिवसांची लेखी सूचना देणे बंधनकारक केले. व्यवहारात मात्र इंटरनेटची नवी तार ओढण्यासाठी हा अडथळा फोडला जातो आणि भोक बुजवायचे राहून जाते. कित्येक ठिकाणी त्याच कोठडीत झाडू, रंगाचे डबे आणि मोडक्या खुर्च्याही ठेवलेल्या आढळतात.